चॅम्पियन टीम वर्षभरात बंद का पडली, आणि छोट्या टीममध्ये नोकरी घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात बाहाची (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेची) गाडी केलीत, त्या स्पर्धेला पिथमपूरला दोनदा जाऊन आलात, आता अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला एम. एस. संपत आलंय आणि तिथल्या मूर्सव्हिलच्या एका छोट्या स्टॉक कार (रस्त्यावरच्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाड्या) टीमने नोकरी देऊ केली आहे. गाडी एकच, माणसं मोजकी. घरचे विचारतायत, टीम बंद पडली तर काय करशील? फर्निचर रो रेसिंगचं उदाहरण तुम्हीच दिलंत: २०१७ मध्ये नॅस्कार या अमेरिकन स्टॉक कार शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेचं विजेतेपद, आणि २०१८ संपताना टीमला कुलूप. जिंकूनही टीम जगत नसेल तर अशा ठिकाणी पाऊल टाकावं का?

मी सतरा वर्षं याच भागात रेस इंजिनिअर म्हणून काम करते आहे. आधी दोन छोट्या टीम, आता एक मोठी. पहिली टीम माझ्यादेखत बंद पडली. फर्निचर रोमध्ये मी कधी नव्हते, पण त्यांची काळी गाडी गॅरेजमध्ये आमच्यापासून चार गाळे सोडून उभी असायची. त्या टीमचं काय झालं याचा हिशेब या धंद्यातल्या प्रत्येकाने आपापल्या वहीत मांडून पाहिलेला आहे.

तुमच्या निर्णयातलं बरंचसं तुमच्या व्हिसावर आणि डोक्यावर किती कर्ज आहे यावर अवलंबून आहे. त्याकडे शेवटी येते. आधी फर्निचर रोबद्दल बोलू, कारण ‘छोटी होती म्हणून संपली’ हे जे सर्रास म्हटलं जातं ते मला पटत नाही. छोटी होती म्हणून तर ती तिथवर पोचली. ती संपली कारण तिच्याकडे स्वतःचं काय आणि भाड्याचं काय, याचं गणित एका उन्हाळ्यात फिरलं.

बार्नी व्हिसर यांचा फर्निचर आणि गाद्यांच्या दुकानांचा धंदा, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला. २००५ मध्ये त्यांनी टीम काढली आणि ती डेन्व्हरलाच ठेवली. स्टॉक कारचं बाकी सगळं जग शार्लटच्या आसपास: टीमची शॉप, इंजिनवाले, गाडीवर वारा सोडून चाचणी घेण्याचे बोगदे, वेल्डर, पिट क्रूची माणसं. डेन्व्हर तिथून रस्त्याने सुमारे २,५०० किलोमीटर. साखर कारखाना उसाच्या शिवारापासून इतक्या लांब काढावा, तसंच हे. लोक उघड म्हणायचे की हे चालणार नाही.

सुरुवातीची वर्षं तशीच गेली. तेव्हा शर्यतीत ४३ गाड्या असायच्या आणि मालकांच्या गुणतक्त्यात पहिल्या ३५ मध्ये असलेल्यांची जागा पक्की असायची. बाकीच्यांनी पात्रता फेरीत वेळ काढून उरलेल्या जागांसाठी झगडायचं. २००७ आणि २००८ मध्ये ही गाडी कित्येकदा शर्यतीत उतरूच शकली नाही. तुम्ही बाहा केलंय म्हणून सांगते, टेक्निकल इन्स्पेक्शनमध्ये गाडी अडकली की पोटात जो खड्डा पडतो तो तुम्हाला माहीत आहे. इथे तो खड्डा दर आठवड्याला, आणि वर २,५०० किलोमीटरचा परतीचा प्रवास. २००९ मध्ये त्यांनी पूर्ण हंगाम न करता निवडक शर्यतीच केल्या. पैसा मालकाच्या दुकानांतून यायचा, गाडीवर नावही त्याच दुकानांचं.

मग ७ मे २०११, डार्लिंग्टनची सदर्न ५००. शर्यतीच्या अगदी शेवटी पिवळा झेंडा आला, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करायचा आणि हवं तर पिटमध्ये यायचं. रीगन स्मिथला टायर बदलायला आत न बोलावता बाहेरच ठेवलं, तो जुन्या टायरवर पुढे आणि मागे नव्या टायरवर कार्ल एडवर्ड्स. डार्लिंग्टनला जुन्या टायरवर आघाडी राखणं म्हणजे काय, हे टायर हातात धरल्याशिवाय कळत नाही. स्मिथने ती राखली. टीमचा तो पहिला विजय. मी त्या रात्री दुसऱ्या टीमच्या पिट भिंतीवर होते आणि आमची गाडी कितवी आली ते मला आज आठवतही नाही.

पुढची चढण त्यांनी ज्या रीतीने चढली, ती तुम्ही नीट समजून घ्या. एका गाडीच्या टीमला स्वतःची चासी (गाडीचा सांगाडा) बनवणं, स्वतःचं इंजिन बनवणं आणि सिम्युलेशनची माणसं पोसणं तेव्हा परवडत नव्हतं. म्हणून त्यांनी आधी रिचर्ड चिल्ड्रेस रेसिंगशी तांत्रिक करार केला. चासी आणि इंजिन तिकडचं, जोडणी आणि डोकं डेन्व्हरचं. २०१३ मध्ये कर्ट बुशने हीच गाडी प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपद ठरवणाऱ्या शेवटच्या टप्प्यात नेली. एकाच गाडीची टीम तिथे पोचण्याची ती पहिलीच वेळ. २०१४ मध्ये मार्टिन ट्रुएक्स ज्युनियर आला आणि पहिला हंगाम वाईट गेला, गुणतक्त्यात २४ वा. बहुतेक मालकांनी चालक बदलला असता. इथे बदलला क्रू चीफ, म्हणजे गाडीची तयारी आणि शर्यतीतले डावपेच ठरवणारा प्रमुख. कोल पर्न हा कॅनडातला मेकॅनिकल इंजिनिअर, स्वतः शर्यती केलेला. २०१५ मध्ये त्याच्या हाताखाली त्याच चालकाने पोकोनो जिंकलं आणि विजेतेपदाच्या अंतिम चौघांत मजल मारली.

डेन्व्हरला असणं इथे उपयोगी पडलं, असं माझं ठाम मत आहे. शार्लटमध्ये माणसं रस्ता ओलांडून टीम बदलतात. दुपारी जेवायला एकाच हॉटेलात बसतात आणि सोमवारी एकाने लावलेला शोध गुरुवारपर्यंत चार शॉपमध्ये पोचलेला असतो. डेन्व्हरला जो कुटुंबासह गेला तो टिकला, आणि त्यांनी काय केलंय हे आम्हाला शनिवारी सरावातच कळायचं.

२०१६ मध्ये त्यांनी टोयोटा घेतली आणि करार जो गिब्ज रेसिंगशी केला. चासी नॉर्थ कॅरोलायनातल्या हंटर्सव्हिलहून, इंजिन टोयोटाच्या रेसिंग विभागाचं. त्या मे महिन्यात शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत ट्रुएक्सने ४०० पैकी ३९२ फेऱ्या आघाडी ठेवली, म्हणजे ५८८ मैल. नॅस्कारच्या इतिहासात एका शर्यतीत इतके मैल कुणी पुढे राहिलेलं नाही. त्या दिवशी त्या गाडीचा मागचा भाग वळणात कसा बसायचा ते मी अजून विसरलेले नाही. दुसऱ्या गाड्या वळणाच्या मध्यावर थोड्या सरकायच्या, चालकाला स्टिअरिंग किंचित सोडून परत धरावं लागायचं. ही गाडी एका रेघेत जायची. संध्याकाळचं ऊन उतरलं, ट्रॅक थंड झाला, पकड बदलली, तरी तशीच.

आणि २०१७. आठ विजय. जो गिब्ज रेसिंगच्या स्वतःच्या चार गाड्यांनी त्या वर्षी मिळून आठ शर्यती जिंकल्या, आणि त्यांच्याकडून चासी घेणाऱ्या एका गाडीने एकटीने आठ. होमस्टेडच्या अंतिम शर्यतीत ट्रुएक्सने ज्याला मागे ठेवून विजेतेपद घेतलं तो काइल बुश, म्हणजे गिब्जचाच चालक. त्या हंगामात टीमने दुःखही सोसलं. ऑक्टोबरात कॅन्ससच्या शर्यतीच्या आदल्या रात्री टीममधला एक कारागीर हृदयविकाराने गेला, आणि दुसऱ्या दिवशी ती शर्यत त्याच्या माणसांनी जिंकली. नोव्हेंबरात खुद्द व्हिसरना हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली. ज्या दिवशी टीम चॅम्पियन झाली त्या दिवशी मालक मैदानावर नव्हते.

आता उतरण. २०१७ मध्ये त्यांनी ७७ क्रमांकाची दुसरी गाडीही चालवली होती, एरिक जोन्ससाठी. वर्षाअखेर जोन्स गिब्जकडे गेला आणि ती गाडी बंद झाली. त्या गाडीवरचा स्पॉन्सर, फाइव्ह-अवर एनर्जी, २०१८ ला ट्रुएक्सच्या ७८ क्रमांकाच्या गाडीवर आला आणि बास प्रो शॉप्ससोबत हंगामाचा भार वाटून घेऊ लागला. जुलै २०१८ मध्ये फाइव्ह-अवर एनर्जीने जाहीर केलं की हंगामानंतर आपण थांबतोय. ४ सप्टेंबरला व्हिसरनी टीम बंद करत असल्याचं सांगितलं. कारणं त्यांनी दोन दिली: गेलेल्या स्पॉन्सरची जागा भरता आली नाही, आणि गिब्जबरोबरच्या कराराचा खर्च वाढत चालला होता. चांगली स्पर्धा द्यायची तर कर्ज काढावं लागलं असतं, आणि ते काढायला त्यांची तयारी नव्हती.

हे तुम्ही घरभाड्यासारखं समजून घ्या. या टीमच्या वेगाचा मोठा भाग भाड्याचा होता आणि पैशाचाही मोठा भाग भाड्याचा. स्पॉन्सर काही विजय विकत घेत नाही, तो दुकानातल्या मालाची विक्री विकत घेतो. त्याच्या कंपनीने ठरवलं की पुढच्या वर्षी जाहिरातीचा पैसा दुसरीकडे लावायचा, की तुमच्या आठ ट्रॉफींना त्या बैठकीत जागा नसते. दुसऱ्या बाजूला ज्याच्याकडून चासी घ्यायची त्याच्या खर्चातला तुमचा वाटाही वाढत जायचा. दर महिन्याला नवे भाग, नवे माणूस-तास, नवा डेटा. मी घरमालकाला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही खर्च वसूल केला असता. पण एका गाडीच्या टीमला तो वाढीव खर्च दोन-तीन गाड्यांवर वाटता येत नाही. दुसरी गाडी गेली तिथेच ही सोय गेली. माझ्या मते खरी कलाटणी २०१७ च्या शेवटी होती. २०१८ च्या उन्हाळ्यात फक्त तिचा हिशेब समोर आला.

व्हिसरबद्दल मला जो आदर आहे तो त्या सप्टेंबरमुळे. हंगाम संपायला अडीच महिने होते. ते गप्प राहू शकले असते. त्यांनी आधी सांगितलं, आणि त्यामागे आपल्या माणसांना पुढच्या वर्षासाठी नोकरी शोधता यावी हा हेतूही स्पष्ट बोलून दाखवला. या धंद्यात नोकरभरती शरदातच होते, डिसेंबरात कळलेला माणूस फेब्रुवारीतल्या डेटोनापर्यंत घरी बसतो. आणि बंद होणार हे माहीत असूनही ती माणसं शेवटच्या शर्यतीपर्यंत राबली. १८ नोव्हेंबर २०१८ ला होमस्टेडला ट्रुएक्स पुन्हा अंतिम चौघांत होता. थोड्याच फेऱ्या उरल्या असताना जोई लोगानोने त्याला ओलांडलं. दुसरा क्रमांक, शर्यतीतही आणि हंगामातही. मग डेन्व्हरच्या शॉपला कुलूप. ट्रुएक्स आणि पर्न दोघेही गिब्जकडे गेले, बास प्रो शॉप्सही.

चार्टरचं काय झालं ते तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. २०१६ पासून ३६ चार्टर आहेत. चार्टर म्हणजे प्रत्येक शर्यतीत हक्काची जागा आणि उत्पन्नातला हक्काचा वाटा. सातबाऱ्यावर नाव असावं तसं. फर्निचर रोचं चार्टर स्पायर या नव्या टीमने विकत घेतलं, आणि जुलै २०१९ मध्ये डेटोनाला पावसाने थांबलेली शर्यत जस्टिन हेलीने त्याच टीमच्या ७७ क्रमांकाच्या गाडीतून जिंकली. त्यानंतर चार्टरचा भाव कित्येक पटींनी चढला. ज्या छोट्या मालकाकडे तेव्हापासून स्वतःचं चार्टर आहे, त्याच्या पायाखाली आज जमीन आहे. ज्याचं चार्टर भाड्याचं किंवा मुळात नाहीच, तो हवेवर उभा आहे.

आता माझी पहिली टीम. नाव सांगत नाही. खालच्या मालिकेतली, दोन गाड्या, बावीस माणसं. तिथे टायरच्या झिजेची नोंद माझ्याकडे होती. शर्यतीनंतर उतरवलेला टायर अजून गरम असतो, त्यावर रबराचे चिकटलेले गोळे खरवडून काढायचे, मग पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांत खोली मोजायची सुई घालायची: आतली कड, मधोमध, बाहेरची कड. तीन आकडे वहीत. एका रविवारी मी उजव्या पुढच्या टायरची बाहेरची कड मोजली आणि क्रू चीफला म्हटलं, हा संच संपला. त्याने टायर फिरवून पाहिला, अंगठा त्या कडेवरून नेला आणि म्हणाला, पुढच्या शनिवारी सरावाला हाच चालवायचा. तो टायर सरावाच्या लायकीचा नव्हता हे त्याला माझ्याहून चांगलं कळत होतं. स्पॉन्सरचा दुसरा हप्ता आला नव्हता, एवढंच.

त्यानंतर सात आठवड्यांत टीम बंद पडली. मागे वळून बघताना क्रम अगदी स्पष्ट दिसतो. आधी वाऱ्याच्या बोगद्यातले तास गेले, मग जादा इंजिन, मग टायर. माणसं सर्वांत शेवटी, कारण पगाराला हात लावला की बातमी बाहेर जाते. पण शेवटचा महिना आमचा पगार उशिरा झाला, आणि शेवटचे दोन आठवडे झालाच नाही. शॉपमध्ये लिलाववाल्यांनी प्रत्येक जॅकला, प्रत्येक वेल्डिंग मशीनला पिवळी चिठ्ठी लावली. माझ्या सेटअपच्या वह्या एका खोक्यात होत्या आणि त्या खोक्यालाही चिठ्ठी होती, ‘इतर’. मी तिथे उभी राहून रडले.

छोटी टीम दुसऱ्या तऱ्हेनेही संपते, तेही सांगते. अ‍ॅलन कुलविकी, विस्कॉन्सिनचा इंजिनिअर, स्वतःच मालक आणि स्वतःच चालक. ज्युनियर जॉन्सनसारख्या मोठ्या मालकाने देऊ केलेली गाडी नाकारून त्याने आपली छोटी टीम चालवली. १९९२ मध्ये सहा शर्यती उरल्या असताना तो २७८ गुणांनी मागे होता. १५ नोव्हेंबरला अटलांटाच्या शेवटच्या शर्यतीत बिल एलियट जिंकला, कुलविकी दुसरा आला, पण सर्वाधिक फेऱ्या आघाडी ठेवल्याचे पाच गुण त्याला मिळाले. त्याच्या फेऱ्या १०३, एलियटच्या १०२. विजेतेपद दहा गुणांनी त्याचं. पुढच्या १ एप्रिलला ब्रिस्टलच्या शर्यतीला जाताना विमान अपघातात तो गेला, आणि काही आठवड्यांत टीम जेफ बोडाइनला विकली गेली. तिथे भाड्याचा प्रश्न नव्हता. तिथे टीम एका माणसाच्या डोक्यात होती. असं डोकं गेलं की उरते ती फक्त हत्यारांची खोली.

म्हणून तुम्हाला बोलावणाऱ्या टीमला मुलाखतीत हे विचारा, आणि विचारताना संकोचू नका, चांगला मालक यावर चिडत नाही. चार्टर तुमचं स्वतःचं आहे का? इंजिन आणि तांत्रिक मदत कुणाकडून, आणि तो करार कोणत्या वर्षी संपतो? हंगामातल्या ३६ शर्यतींपैकी किती शर्यतींना स्पॉन्सर ठरलेला आहे आणि किती मालकाच्या खिशातून आहेत? मालकाच्या खिशातून असणं वाईट नाही. व्हिसरनी कित्येक वर्षं तसंच चालवलं. पण मग मालकाचा मूळ धंदा कसा चाललाय ते बघा. आणि सेटअप, म्हणजे त्या शर्यतीसाठी गाडी कशी जुळवली ती मापं, कोण लिहून ठेवतं? उत्तर ‘ते क्रू चीफला माहीत असतं’ असं आलं, तर तिथे शिकायला कमी मिळेल.

तुमच्या परिस्थितीबद्दल. ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) असताना बेरोजगारीचे एकूण ९० दिवस चालतात, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीमुळे मिळणारी स्टेम मुदतवाढ मिळाली की एकूण १५०. नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांत नवीन मालक शोधायचा. म्हणजे टीम ऑक्टोबरात बंद पडली तर तुम्ही भरतीच्या ऐन हंगामात असाल, मार्चमध्ये पडली तर कठीण. तुमच्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात ही गणना करून घ्या, इंटरनेटवरच्या कुणाचं ऐकून नाही, माझंही नाही. शैक्षणिक कर्ज मोठं असेल आणि घरून मदत शक्य नसेल, तर चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय छोट्या टीममध्ये जाऊ नका. तेवढा असेल, तर मी जाईन. मोठ्या टीममध्ये पहिली तीन वर्षं मी फक्त मागच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा पाहिल्या. छोट्या टीममध्ये पहिल्याच वर्षी टायर, इंधन, पिटची रणनीती आणि वजनकाटा सगळं हातात आलं. आज मला जे काम मिळतं ते त्या वर्षामुळे. त्या वह्या मी लिलावात बारा डॉलरला विकत घेतल्या आणि त्या अजून माझ्या टेबलावर आहेत.

हो म्हणण्याआधी एक दिवस त्यांच्या शॉपमध्ये घालवायची परवानगी मागा, आणि तो मंगळवार असू द्या. रविवारची गाडी सोमवारी परत आलेली असते. मंगळवारी सकाळी ती सेटअप प्लेटवर, म्हणजे मापं घेण्याच्या सपाट पाटावर असायला हवी, बॉडी काढलेली, कुणीतरी प्रत्येक माप शर्यतीआधीच्या कागदाशी ताडून पाहत असलेलं. ते दृश्य दिसलं तर मला कळवा, पगाराच्या वाटाघाटीबद्दल वेगळं लिहीन. गाडी अजून तिला वाहून नेणाऱ्या ट्रकमध्येच, हॉलरमध्येच असेल, तर कुणाला तरी विचारा की का.